गॅलरीतला आकडा आणि नाकातली हवा

कोरा_कागद (धागाकर्ता) · रविवार, सकाळी ९:०५

मंडळी, गेले चार महिने मी एका डबीच्या नादी लागलो आहे. हवेतले सूक्ष्म कण, म्हणजे ते पीएम २.५, मोजणारी डबी. गॅलरीत कुंडीशेजारी ठेवली आहे. सकाळ-दुपार-रात्र आकडे वहीत उतरवतो. आता वही भरत आली आणि मला काहीही कळलेलं नाही, म्हणून हा धागा.

माझे प्रश्न असे:

एक, मेव्हण्याकडेही अशीच डबी आहे, वेगळ्या बनावटीची. गेल्या आठवड्यात तो त्याची डबी घेऊन आला. दोन्ही शेजारी ठेवल्या. माझी म्हणाली १४०, त्याची म्हणाली ५२. अर्धा तास आमची जुंपली. कोण खरं?

दोन, रोज रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या डबीचा आकडा एकदम उसळतो आणि अकरा-साडेअकरापर्यंत चढाच राहतो. रोज. कारण काय असावं?

तीन, आणि खरा प्रश्न हाच. आकडा कळला, पुढे काय? घरचे म्हणतात, "आकडा बघून श्वास घ्यायचा की श्वास घेऊन आकडा बघायचा ते एकदा ठरव." माझंही मत हळूहळू असं होत चाललंय की घरगुती मोजमाप म्हणजे नुसतं काळजीला आकडा चिकटवणं. मत बदलायला तयार आहे.

---

खिडकीपाशी

वाचतेय. आमच्याकडची डबी सध्या कागद उडू नयेत म्हणून वापरतो. त्या कामात अचूक आहे.

---

रात्रपाळी

साडेनऊचं कारण सोपं आहे. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि वर गरम हवेचं झाकण बसतं. दिवसभराचा धूर वर न जाता खालीच साचतो. थंडीच्या दिवसांत हे जास्त.

---

कोरा_कागद

@रात्रपाळी, तसं असेल तर पहाटेपर्यंत चढत जायला हवं ना? माझा आकडा साडेअकराला उतरतो.

---

रात्रपाळी

हं. मग नाही सांगता येत. कोणीतरी कचरा जाळत असणार.

---

पंप_आणि_फिल्टर · रविवार, दुपारी १:४०

कारखान्यांमध्ये धूळ, धूर आणि आवाज मोजण्यात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिली गोष्ट, गॅलरी श्वास घेत नाही. तुम्ही घेता. आमच्या धंद्यात भिंतीवर यंत्र टांगून कामगाराच्या तब्येतीबद्दल बोललं तर कोणी ऐकून घेत नाही. आम्ही छोटा पंप कमरपट्ट्याला बांधतो, त्याची नळी वर कॉलरपर्यंत नेतो आणि फिल्टर नाकापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आत लावतो. पाळी संपली की फिल्टर काढायचा आणि वजन करायचं. आधीचं वजन आणि नंतरचं वजन, त्यातला फरक म्हणजे त्या माणसाच्या नाकासमोरून गेलेली धूळ.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एकाच यंत्रावर दोघं जण, एकच पाळी, भिंतीवरच्या यंत्राप्रमाणे सगळं ठीक. पंप बांधले तर एकाचा आकडा दुसऱ्याच्या तिप्पट. मला वाटलं पंप बिघडला. अदलाबदल केली, तरी तेच. मग दिवसभर नुसता उभा राहून बघत बसलो. एक जण काम करताना लांबून हात पुढे करायचा, दुसऱ्याला जवळचं नीट दिसत नव्हतं म्हणून तो वाकून तोंड जवळ न्यायचा. त्याला चष्मा मिळाला आणि आकडा निम्म्यावर आला. धुळीवर चष्मा हा उपाय मी पुस्तकात कुठे वाचला नव्हता.

दुसरी गोष्ट वेळेची. घरी करून बघा: चोवीस तास कुठे कुठे असता ते लिहा आणि तिथली हवा मोजा. समजा झोपेचे ८ तास ४० मायक्रोग्रॅममध्ये (म्हणजे दर घनमीटर हवेत तेवढे कण), रस्त्यावर दीड तास १२० मध्ये, अर्धा तास एखाद्या धुरकट खोलीत ६०० मध्ये, उरलेले १४ तास ५० मध्ये. गुणाकार करा: ३२०, १८०, ३००, ७००. बेरीज १५००. भागिले २४, म्हणजे सरासरी साडेबासष्ट. आता बघा, तो अर्धा तास दिवसाचा जेमतेम दोन टक्के आहे, पण एकूण बेरजेत त्याचा वाटा पाचवा हिस्सा. रस्त्यावरच्या दीड तासापेक्षा जास्त. हे गॅलरीतली डबी जन्मात सांगणार नाही.

---

शब्दवेडी

अवांतर: माणसापर्यंत किती पोचलं, या 'एक्स्पोजर'ला मराठीत काय म्हणायचं? 'संपर्क' फार सरकारी वाटतो, 'संसर्ग' तर चूकच.

---

खिडकीपाशी

उघडेपणा. हलके घ्या.

---

जुना_खलाशी

'झळ' म्हणा की. आग तिथे असते, झळ इथे लागते. जवळ बसलेल्याला जास्त लागते, लांबच्याला कमी, आणि आडोसा केला की लागत नाही. आमची आजी दुष्काळाचीही झळ लागली म्हणायची.

---

शब्दवेडी

वा! हवेत किती आहे ते प्रदूषण, आपल्यापर्यंत किती पोचलं ती झळ, आणि आत किती गेलं ती मात्रा. माझ्यापुरता धागा सुफळ संपूर्ण.

---

पंप_आणि_फिल्टर

बावीस वर्षं अहवालात 'अनावरण' लिहीत आलो. आता निवृत्तीला आलो तेव्हा शब्द मिळाला.

---

दोन_चाकं

झळ आणि मात्रा वेगळी केलीत ते बरं झालं, नाहीतर वरचं गणित अर्धवट राहतं. मी सायकलने जातो. सायकल चालवताना मिनिटाला फुप्फुसात जाणारी हवा बसून असलेल्या माणसाच्या दुपटी-तिपटीहून जास्त असते. म्हणजे त्याच रस्त्यावर, त्याच हवेत गाडीतल्या माणसापेक्षा माझी मात्रा जास्त. लहान मुलांचंही तेच, वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात.

यावर माझा उपाय एकच, मोठ्या रस्त्याला समांतर असलेली आतली गल्ली. वाहनांचा धूर रस्त्यापासून काही शे मीटरवर गेलं की बराच विरळ होतो. वेळ चार मिनिटं जास्त लागतो, डोकं कमी दुखतं. सायकल सोडणार नाही, व्यायामाचा फायदा मोठा आहे.

---

रेझिस्टर · रविवार, रात्री ८:२२

आता मेव्हण्याच्या भांडणाकडे येतो. कोणी सोडवतच नाहीये.

या डब्यांमध्ये एक लेझर असतो. पंख्याने हवा आत ओढली जाते, कणांवर आपटून प्रकाश विखुरतो आणि तो विखुरलेला प्रकाश मोजून डबी वजनाचा अंदाज बांधते. पंपरावांसारखं वजन ती करत नाही. अंदाजात घोळ कुठे होतो? दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, डबीला ते मोठे दिसतात आणि आकडा वाढतो. धुक्याच्या सकाळी तर विचारूच नका. उलट फार बारीक कण, ०.३ मायक्रोमीटरच्या खालचे, तिला जवळपास दिसतच नाहीत. म्हणून दोन डब्यांमध्ये वीस-तीस टक्क्यांचा फरक मी मनावर घेत नाही. शक्य असेल तर अधिकृत केंद्राजवळ डबी दोन-चार दिवस ठेवून ताडून बघावी.

पण १४० आणि ५२ हा फरक त्यातला नाही. माझा संशय वेगळा आहे. @कोरा_कागद, तुमच्या डबीवर आकड्याखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघून सांगता का? मायक्रोग्रॅम आहे की निर्देशांक?

---

कोरा_कागद

चष्मा लावून बघितलं. 'एक्यूआय', आणि त्यापुढे 'यूएस'.

---

रेझिस्टर

मग सुटलं. एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक. तो वजन नव्हे, वजनावरून काढलेली श्रेणी, आणि ती प्रत्येक देशाची निराळी. पीएम २.५ साठी अमेरिकी मापात १४० म्हणजे साधारण ५१ मायक्रोग्रॅम. मेव्हण्याची डबी थेट मायक्रोग्रॅम दाखवत होती: ५२. दोन्ही डब्या एकच गोष्ट सांगत होत्या.

गंमत म्हणजे ६० मायक्रोग्रॅमची हवा भारतीय निर्देशांकात बरोबर १०० होते आणि 'समाधानकारक' ठरते, तीच अमेरिकी निर्देशांकात १५० च्या वर जाते आणि 'अनारोग्यकारक' होते. हवा तीच, फुप्फुसं तीच. म्हणून आकडा सांगताना एकक सांगा. शाळेत यासाठीच गुण कापायचे.

---

कोरा_कागद

चार महिने. अख्खी वही. देवा.

मेव्हण्याला फोन करतो.

---

खिडकीपाशी

संभाषण ध्वनिमुद्रित करून इथे टाका.

---

सरळसोट · सोमवार, सकाळी ११:१५

सगळ्यांचा आदर राखून असहमती नोंदवतो. आजार सार्वजनिक आणि उपाय मात्र घरगुती, हे मला पटत नाही. डबी घ्या, शुद्धीकरण यंत्र घ्या, मुखपट्टी घ्या, गल्लीतून जा. म्हणजे धूर करणारा मोकळा आणि झळ लागणाऱ्याने वही भरायची.

शिशाचं उदाहरण घ्या. १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिसं घालत होते. अमेरिकेत ते कमी केलं तेव्हा १९७६ ते १९८० या अवघ्या चार वर्षांत लोकांच्या रक्तातलं सरासरी शिसं सदतीस टक्क्यांच्या आसपास उतरलं. कोणी घरी यंत्र घेतलं होतं? कोणी सवय बदलली होती? नियम बदलला, बस. शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये हे पेट्रोल बंद झालं. म्हणजे शंभर वर्षं. तेवढा काळ 'आपापली काळजी घ्या' सांगितलं असतं तरी काही झालं नसतं.

---

नमुना_क्रमांक

@सरळसोट, निष्कर्ष मान्य, पण तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. ते सदतीस टक्के कळले कसे? देशभरातल्या हजारो लोकांचं रक्त तपासलं म्हणून. आणि त्या सुमारास शिशाचा नियम सैल करायचा विचार चालू होता. रक्ताचे आकडे समोर आले आणि नियम उलट अधिक कडक झाला. मोजलं नसतं तर शिसं राहिलं असतं.

---

सरळसोट

मोजू नका असं कुठे म्हणालो? कोणी मोजायचं एवढाच वाद आहे. गॅलरीतल्या वहीने नियम बदलत नाहीत.

---

नमुना_क्रमांक · सोमवार, दुपारी ३:३०

बरोबर, तो फरक खरा आहे. मी प्रयोगशाळेत काम करते, तर आत गेलेल्या मात्रेबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण इथेही लोक फार फसतात.

शरीरातून मोजायचं तर काय मोजता यावर कोणता काळ दिसतो ते ठरतं. रक्तातलं शिसं साधारण गेल्या महिना-दोन महिन्यांचं सांगतं. हाडांत मात्र शिसं दशकानुदशकं बसून असतं. तंबाखूच्या धुराची खूण, कोटिनीन, दोन-चार दिवसांत विरते, त्यामुळे "मी ओढत नाही, शेजारी ओढतो" हे तपासायचं तर लगेच तपासावं लागतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून पारा शोधताना केस तुकडे करून महिनेवार वाचता येतो. रोजनिशीच ती, फक्त डोक्यावर.

मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी अमेरिकेत ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा २०२१ पासून वापरतात. आमच्याकडे लोक अहवाल हातात घेऊन विचारतात, "३.२ आहे, म्हणजे सुरक्षित ना?" तसं नाही. एक ते पाच वयाच्या मुलांमध्ये वरची अडीच टक्के कुठून सुरू होतात, ती ही रेघ आहे. शिशाला सुरक्षित पातळी सापडलेलीच नाही.

आणि कृपा करून, आधी धातू बाहेर काढणारं औषध देऊन मग लघवी तपासणाऱ्यांपासून लांब राहा. औषधाने कोणाच्याही लघवीतला आकडा वाढतो. आणि तो वाढलेला आकडा औषध न देता काढलेल्या मर्यादेशी ताडून बघतात. घाबरलेला माणूस मग महागडे उपचार घेत बसतो. माझ्या जवळच्या नात्यात हे झालंय.

---

आजोबांचा_नातू

आमचे आजोबा आयुष्यभर विडी ओढत होते, ९२ वर्षं जगले. एकही आकडा त्यांना माहीत नव्हता.

---

नमुना_क्रमांक

जे ५२ व्या वर्षी गेले त्यांचे नातू फारसे धाग्यावर येत नाहीत.

---

जुना_खलाशी

+१. हा प्रतिसाद भिंतीवर लावायला हवा.

---

तळमजला · मंगळवार, रात्री ९:१०

रेडॉनबद्दल कोणीच लिहीना म्हणून लिहितो. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा वायू. रंग नाही, वास नाही. जमिनीच्या भेगांतून घरात शिरतो आणि बंद खोलीत साचतो. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मोठ्या कारणांत त्याची गणना होते.

डिसेंबर १९८४ मधली गोष्ट. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये लिमरिक अणुवीज केंद्राचं बांधकाम संपत आलं होतं. तिथला अभियंता स्टॅनली वॉट्रास दारातून बाहेर पडताना किरणोत्साराची घंटा वाजायची. रोज. धुऊन काढलं, तपासलं, केंद्रात काही सापडेना. वीजनिर्मितीही सुरू व्हायची होती, मग किरणोत्सार येणार कुठून? शेवटी एक दिवस तो कामावर आला, आत शिरला आणि कामाच्या जागी न जाताच उलटा फिरून बाहेर पडायला निघाला. घंटा वाजली. म्हणजे तो ते घरून आणत होता. घर मोजलं तर रेडॉन मर्यादेच्या कित्येक शे पट. पुढे घराच्या खालून हवा ओढून बाहेर सोडायची सोय केली आणि कुटुंब परत तिथेच राहायला गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली पातळी १०० बेक्रेल (किरणोत्साराचं एकक) प्रति घनमीटर. मोजायचं साधन साधं असतं, प्लास्टिकची एक डबी. तिच्यातल्या पट्टीवर अल्फा कणांचे ओरखडे उमटतात. तीन महिने कोपऱ्यात ठेवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. रोज बघायला आकडाच नाही, हे मला फार आवडतं. वरच्या मजल्यांवर सहसा कमी असतो. माझं नाव बघा, म्हणून मोजला. ३८ निघाला. झोप लागली.

---

रात्रपाळी

उलटा फिरून बाहेर पडला! बावीस वर्षांच्या पंपाला जे जमलं नसतं ते वॉट्रासने पायाने केलं.

---

पंप_आणि_फिल्टर

कबूल.

---

ढोलकीवाला

आवाजाचं काय? मोबाइलवरचं अॅप सांगतं की माझ्या सरावाच्या खोलीत ९४ डेसिबल आहेत. हे जास्त आहे का? ५० पेक्षा जेमतेम दुप्पट वाटतंय.

---

पंप_आणि_फिल्टर

दुप्पट नाही हो! डेसिबल बेरजेने चढत नाही, दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून नोकरीच्या जागी वापरलं जाणारं एक प्रचलित कोष्टक असं आहे: ८५ ला ८ तास, ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला एक तास. तुम्ही किती वेळ सराव करता?

---

ढोलकीवाला

तीन तास. रोज.

---

पंप_आणि_फिल्टर

कानात बोळे घाला. आजपासून. आणि सरावानंतर कानात गुणगुण राहत असेल तर कान तपासून घ्या. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

---

खिडकीपाशी

आणि शेजाऱ्यांना पण बोळे द्या. त्यांनाही झळ लागतेच.

---

पाणवठा · बुधवार, सकाळी ७:५०

मूळ तिसऱ्या प्रश्नाकडे कोणीतरी वळा. आकडा कळला, पुढे काय?

मला याचं सगळ्यात चांगलं उत्तर बांगलादेशात दिसतं. कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आहे हे कळल्यावर २००० नंतरच्या काही वर्षांत तिथे ५० लाखांच्या आसपास कूपनलिका जागच्या जागी तपासल्या. आर्सेनिक जास्त निघालं तर हापशाच्या तोंडाला लाल रंग, कमी निघालं तर हिरवा. देशाची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १०, यावर तज्ज्ञ भांडत बसू देत. पाणी भरायला आलेल्या बाईला आकडा नको होता, कोणत्या हापशाकडे जायचं ते हवं होतं. पुष्कळ घरांनी हापसा बदलला. शेजारची कूपनलिका हिरवी असणं बऱ्याच ठिकाणी शक्य होतं, कारण आर्सेनिक शंभर पावलांतही बदलतं.

पण पुढे रंग उडाले. लोकांनी नव्या कूपनलिका खोदल्या, त्या कोणी तपासल्या नाहीत.

---

सरळसोट

हे उदाहरण मला आवडलं. सरकारने मोजलं, लोकांनी वापरलं. आणि पुन्हा मोजलं नाही तिथे बिघडलं.

---

दोन_चाकं

थोडं थंड पाणी ओततो. झळ कमी केली की तब्येत सुधारते असं आपण गृहीत धरतोय. चुलीच्या धुरावर एक मोठा प्रयोग झाला, ग्वाटेमाला, भारत, पेरू आणि रवांडा या चार देशांत, सुमारे ३२०० गरोदर बायकांवर. निम्म्यांना गॅस दिला. अंगावर यंत्रं लावून मोजलं तर झळ खरोखर उतरली: चूलवाल्यांमध्ये ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास, गॅसवाल्यांमध्ये २४. पण २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा बाळांच्या जन्मवजनात म्हणावा असा फरकच निघाला नाही.

---

नमुना_क्रमांक

तो निकाल आम्हालाही बोचला. कारणांवर अजून वाद आहेत. गरोदरपणाच्या सुरुवातीपासून नव्हे, मधल्या टप्प्यात गॅस मिळाला हे एक. २४ हीदेखील काही स्वच्छ हवा नव्हे हे दुसरं, वार्षिक सरासरीची जागतिक शिफारस २०२१ पासून ५ मायक्रोग्रॅम आहे. पण ज्यांनी प्रयोग केला त्यांनी नकोसा निकाल जसाच्या तसा छापला याबद्दल मला आदर आहे. आणि जन्मवजन बदललं नाही म्हणून खोकला, डोळ्यांची आग, सरपणाची वणवण यांची किंमत शून्य होत नाही.

---

पंप_आणि_फिल्टर · बुधवार, रात्री १०:३०

उपायांबद्दल एक राहिलं, मग गप्प बसतो. आमच्याकडे उपायांची उतरंड असते. आधी धोका काढूनच टाका. ते नाही जमलं तर बदली वस्तू आणा. नाही जमलं तर झाका किंवा उगमापाशीच हवा ओढून बाहेर सोडा. मग कामाच्या वेळा आणि पद्धती बदला. मुखपट्टी सगळ्यात शेवटी. बाजारात मात्र ही उतरंड उलटी विकतात.

मुखपट्टी ९५ टक्के कण अडवते हा दावा कापडाचा आहे, तुमच्या गालाचा नाही. कडेने फट राहिली की हवा तिथूनच जाते. दाढी असेल तर अवघडच. शुद्धीकरण यंत्र घ्यायचं तर फिल्टरची टक्केवारी नका बघू, 'हेपा' जातीचा बारीक फिल्टर ०.३ मायक्रोमीटरचे ९९.९७ टक्के कण अडवतो हे खरं असतं, पण ताशी किती हवा त्यातून जाते ते बघा. मोठ्या खोलीत इवलंसं यंत्र म्हणजे समुद्रात गाळणी. आणि ओझोन सोडणारी यंत्रं घरात आणूच नका, ओझोन स्वतःच फुप्फुसांना घातक आहे.

---

उदबत्तीविरोधक_नाही

@कोरा_कागद, तुमचा साडेनऊचा गुंता डोक्यातून जाईना. घरात मच्छर अगरबत्ती, म्हणजे ती वेटोळ्याची हिरवी कॉइल, लावता का? एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे निघाले होते.

---

कोरा_कागद

लावतो की, पण ती आत झोपायच्या खोलीत असते. डबी बाहेर गॅलरीत. तिचा काय संबंध?

---

उदबत्तीविरोधक_नाही

गॅलरीचं दार कोणत्या खोलीत उघडतं?

---

खिडकीपाशी

(पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.)

---

कोरा_कागद · तीन आठवड्यांनंतर, शनिवार, सकाळी १०:००

मंडळी, उशिराबद्दल क्षमस्व. मुद्दाम थांबलो होतो, पुरतं मोजून यायचं होतं.

गॅलरीचं दार झोपायच्या खोलीत उघडतं. कॉइल साडेनऊला लावायचो, दार जरासं किलकिलं ठेवून, "धूर बाहेर जावा" म्हणून. तो जात होता. थेट डबीकडे. साडेअकराला मी झोपायला जाताना दार लावून घ्यायचो, की गॅलरीतला आकडा उतरायचा आणि मी वहीत लिहायचो, 'रात्री हवा सुधारली'. आम्ही आत, धूर आत, दार बंद, आणि वहीत हवा सुधारलेली.

डबी मायक्रोग्रॅमवर लावली आणि पंपरावांच्या सांगण्याप्रमाणे आठवडाभर माझ्याबरोबर फिरवली. कामावर जाताना पिशवीच्या पट्ट्याला, झोपताना उशीजवळ. रस्त्यावर ७० ते ९०. कामाच्या जागी २५. झोपायच्या खोलीत, कॉइल चालू आणि दार बंद: ३४०. डबीच आहे, वीस-तीस टक्के इकडेतिकडे, रेझिस्टर म्हणालेत तसं. तरी उरलेल्या बेरजेला तो एकटा खाऊन टाकतो. गुणाकार करून बघितला आणि दोनदा तपासला. ज्या रस्त्याला मी चार महिने शिव्या दिल्या, त्याचा वाटा झोपेच्या आठ तासांपुढे किरकोळ.

मच्छरदाणी आणली, खिडक्यांना जाळी बसवली. उशीजवळ आता ३० ते ३५. धाकटीचा सकाळचा खोकला कमी झालाय असं बायको म्हणते, मला पक्कं सांगता येत नाही, तो मोजलेला नाही.

@सरळसोट, रस्त्याचे ७० ते ९० माझ्या हातचे नाहीत, ते तुमचं म्हणणं तसंच उभं आहे. त्यासाठी अर्ज केलाय, उत्तर आलं की लिहीन.

---

सरळसोट

अर्जात एकक लिहिलंत ना?

---

कोरा_कागद

लिहिलं. ठळक अक्षरात.

---

रेझिस्टर

आणि मेव्हण्याचं काय झालं?

---

कोरा_कागद

माफी मागितली. तो म्हणाला, "तोंडी नको, तुझी डबी दे." दिली. आता दोन्ही डब्या त्याच्याकडे आहेत आणि रोज सकाळी मला दोन आकडे पाठवतो.

---

शब्दवेडी

ही मात्र झळ आहे.

---

ढोलकीवाला

बोळे आणले. सराव चालू आहे. अवांतर: मच्छरदाणी आतून आवाजही अडवते का?

---

पंप_आणि_फिल्टर

नाही.